तिकीट उतरते, उतारू वाढतो



आजच्या भाषणाचा विषय विमानाचा आहे. पण सुरुवात मी एस.टी.च्या थांब्यापासून करणार आहे. कारण आमच्या युसूफ वडगावात विमान येत नाही, एस.टी. येते. बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातले हे गाव. याच तालुक्यात धनेगावला मांजरा नदीवर धरण आहे आणि त्याचे पाणी लातूर शहर पिते. दिवाळीच्या सुमाराला या भागातली कितीतरी घरे कुलपे लावून ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात. सांगायचे ते एवढेच की, प्रवास ही आमच्याकडे हौस नाही. ती पोटाची गोष्ट आहे. म्हणून तिकिटाचा दर हा विषय आमच्याकडे कुणालाही शिकवावा लागत नाही.

२०२३ सालच्या मार्च महिन्याच्या १७ तारखेपासून महाराष्ट्रात एस.टी.मध्ये स्त्रियांना अर्धे तिकीट झाले. त्यानंतर काही महिन्यांनी मी गावी गेलो असता शेजारच्या एक आजी थांब्यावर भेटल्या. मी विचारले, "आजी, कुठं निघालात?"

"लेकीकडं, कळंबला. सांजच्याला माघारी."

"काही कार्य आहे का?"

"कार्य कशाचं, मास्तर? सहज. तिकीट अर्धं झालं बगा, लेकीचं गाव जवळ आलं."

आजी बसमध्ये चढल्या, पण त्यांचे ते वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. कळंबचा रस्ता एक हातभरही आखूड झाला नव्हता. गाडीही पूर्वीपेक्षा वेगाने जात नव्हती. उतरले होते ते फक्त तिकीट. आणि दुसरी गोष्ट अशी की, आजींचा हा प्रवास कुणाचा हिरावून घेतलेला नव्हता. पूर्वी त्या काळ्या-पिवळ्या जीपने जात होत्या आणि आता एस.टी.ने जाऊ लागल्या, असे झाले नाही. पूर्वी त्या पंचमीला आणि दिवाळीला अशा वर्षातून दोनदा जात. एरवी घरीच बसत. म्हणजे हा प्रवास आधी नव्हताच. तो तिकिटाने जन्माला घातला.

प्रवासाचा इतिहास चाळताना ही गोष्ट पुन:पुन्हा आढळते. आगगाडीच्या बाबतीत ती घडली, मोटारगाडीच्या बाबतीत घडली आणि गेल्या पन्नास वर्षांत ती आकाशातही घडली. स्वस्त विमानांनी जवळच्या पल्ल्यावर नवे उतारू कसे निर्माण केले, ते कुठे टिकले आणि कुठे टिकले नाहीत, हे आज आपण पाहू या.

प्रथम आगगाडीकडे वळू. १८४५ साली हिंदुस्थानात रेल्वे घालावी की नाही याचा विचार चालला होता. त्या वेळी ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांनी एक खलिता पाठविला. त्यातला अंदाज असा होता की, विलायतेत रेल्वेला उतारूंपासून मोठे उत्पन्न होते, पण हिंदुस्थानात नेमके उलटे होईल. येथले लोक गरीब आणि वस्ती विरळ, तेव्हा रेल्वे चालेल ती मालाच्या भाड्यावर. अंदाज करणारी माणसे अडाणी नव्हती. त्यांनी आपल्या लोकांना बैलगाडीतून आणि पायी जाताना पाहिले होते, आणि जो आज प्रवास करीत नाही तो उद्याही करणार नाही, असे धरले होते.

१८५३ च्या एप्रिलची १६ तारीख. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित आणि ३४ किलोमीटरची वाट. पुढे जे झाले त्याने संचालकांचा अंदाज साफ खोटा ठरविला. लोक गाडीत बसले. बसले म्हणजे किती बसले! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दर शंभर उतारूंतले नव्वदाहून अधिक उतारू सर्वांत खालच्या वर्गाचे होते. गरीब माणूस प्रवास करीत नव्हता याचे कारण त्याला जायचे नव्हते, असे नाही. त्याला यात्रेला जायचे होते, बाजाराला जायचे होते, मुंबईच्या गिरणीत जायचे होते. त्याच्या ऐपतीचे तिकीट तेवढे नव्हते.

आपल्या भागाजवळचे उदाहरण घ्यायचे तर बार्शी लाइट रेल्वेचे घ्यावे लागेल. १८९७ साली आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत ही छोटी गाडी सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरची ती करणी. रूळ अवघ्या अडीच फुटांच्या रुंदीचे आणि एका आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही, असा त्याचा नियम. भार कमी म्हणून रूळ हलके, रूळ हलके म्हणून खर्च कमी. जिथे मोठ्या गाडीचा खर्च निघाला नसता, तिथे ही गाडी चालली. १९०६ साली ती पंढरपूरला गेली, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला. आषाढी-कार्तिकीला तिच्यातून वारकरी गेले, एरवी व्यापारी आणि त्यांचा माल गेला. १९५४ साली सरकारने ती विकत घेतली आणि पुढे तिचे रूळ रुंद झाले. ही छोटी गाडी ध्यानात ठेवा; तिचा विचार आपल्याला पुढे आकाशात पुन्हा भेटणार आहे.

आता १९३२ हे साल पाहा. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्या वर्षीच्या जून महिन्यात निजाम स्टेट रेल्वेने आपले मोटार खाते काढले. गाड्या २७ आणि नोकर १६६. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन लहानशा विमानाने निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला उतरले. म्हणजे निजाम राज्यातली सरकारी बस आणि हिंदी मालकीची हवाई सेवा या दोघी एका वर्षाच्या बहिणी. पण त्यांची नशिबे वेगळी निघाली. बस गरिबाच्या दारापर्यंत आली. १९४८ च्या १ जूनला पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली आणि पुढे खेडोपाडी लाल गाडी पोचली. विमान मात्र साहेबाचे, राजाचे आणि शेठजीचे राहिले.

असे का झाले? निजाम सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीत हैदराबादला डेक्कन एअरवेज नावाची कंपनी होती. १९५३ साली सरकारने देशातल्या अशा आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स हे महामंडळ केले. त्या एका महामंडळाने पुढे जवळजवळ चाळीस वर्षे देशातली हवाई वाहतूक सांभाळली. डोंगराळ मुलखात, पुरात, युद्धात त्याने मोठी कामे केली, हे विसरून चालणार नाही. पण विमाने थोडी, स्पर्धा नाही आणि भाडे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर. जो बसतो तो ऐपतदार. ऐपतदाराला गरम जेवण हवे, ऐसपैस खुर्ची हवी. म्हणून भाडे जास्त. भाडे जास्त म्हणून बसणारा पुन्हा ऐपतदारच. हे चक्र १८४५ च्या संचालकांच्या विचारासारखेच होते. जो येत नाही तो येणारच नाही, असे धरले की तो येत नाहीच.

हे चक्र फोडण्याचे एक मोठे उदाहरण अमेरिकेत घडले. टेक्सास प्रांतात डॅलस, ह्यूस्टन आणि सॅन अँटोनियो अशी तीन शहरे आहेत. डॅलसहून ह्यूस्टन सुमारे चारशे किलोमीटर. १९७१ च्या १८ जूनला साउथवेस्ट एअरलाइन्स नावाच्या कंपनीने या तीन शहरांत तीन विमाने सुरू केली. त्या मार्गावर दुसऱ्या कंपन्या आधीपासून होत्याच. पण हिचा डोळा त्यांच्या उतारूंपेक्षा मोटारीने जाणाऱ्या माणसावर अधिक होता.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात एक गंमत झाली. आठवड्याच्या अखेरीला एक विमान दुरुस्तीसाठी ह्यूस्टनहून डॅलसला रिकामेच न्यावे लागे. नेहमीचे भाडे २० डॉलर. कंपनीने विचार केला, रिकामे नेण्यापेक्षा १० डॉलर घेऊन लोकांना बसवू. फारशी जाहिरात न करता थोड्याच आठवड्यांत ते रात्रीचे विमान भरून जाऊ लागले. ही माणसे कुठून आली? दिवसाच्या विमानातून ती उठून आली नव्हती. ती आपल्या मोटारीतून आली होती, काही तर घरातून आली होती. आमच्या आजींसारखीच.

पुढच्या वर्षी कंपनी अडचणीत आली. चौथे विमान घेतले होते, ते पैशासाठी विकावे लागले. पण फेऱ्या चार विमानांच्या होत्या आणि विमाने उरली तीन. मग लोकांनी कंबर कसली आणि जमिनीवर उतरलेले विमान दहा मिनिटांत पुन्हा उडवू लागले. जमिनीवर उभे असलेले विमान भाडे कमावत नाही, ते फक्त कर्जाचे व्याज वाढविते; ही गोष्ट त्या अडचणीने शिकविली.

इथे आपण थोडा हिशेब करू या. शिक्षकांनी तो फळ्यावरही मांडावा. आकडे मी केवळ हिशेबापुरते धरतो. समजा, विमानात ७२ जागा आहेत आणि एका फेरीचा खर्च १,५०,००० रुपये आहे. भाडे ५,००० ठेवले आणि ३० उतारू आले, तर खर्च निघतो. भाडे २,५०० केले तर ६० उतारू यावे लागतात. म्हणजे भाडे निम्मे केले की उतारू दुप्पट हवेत. नाहीतर धंदा बुडाला. आता दुसरी बाजू पाहा. हेच विमान दिवसाला चार फेऱ्या करते. जमिनीवरचा वेळ कमी करून सहा फेऱ्या केल्या, तर विमानाचा हप्ता, विमा असा ठरलेला खर्च सहा वाट्यांत विभागला जातो. आतली दोन वर्गांची मांडणी काढून एकच वर्ग केला की जागा वाढतात. जेवण विकत ठेवले की तो खर्च गेला. सगळी विमाने एकाच जातीची ठेवली की सुटे भाग एक, मेकॅनिकचे शिक्षण एक आणि वैमानिक कुठल्याही विमानावर चालतो. असे करीत फेरीचा खर्च १,२०,००० वर आला, तर २,५०० भाड्याला ४८ उतारू पुरतात. स्वस्त भाड्याचे रहस्य हे असे आहे. त्यात जादू नाही. बार्शी लाइटच्या हलक्या रुळांसारखी ती काटकसर आहे.

आणखी एक गोष्ट. रिकामी जागा ही बाजारातल्या मेथीच्या जुडीसारखी असते. सकाळी तिला वीस रुपये येतात, दिवस मावळताना पाच रुपयांनाही कुणी घेत नाही, आणि दुसऱ्या दिवशी ती फेकावी लागते. विमान उडाले की रिकामी जागा फुकट गेली. म्हणून या कंपन्या भाडे सतत हलते ठेवतात. फक्त इथे मेथीच्या उलट चालते; जो महिना-दीड महिना आधी तिकीट काढतो त्याला स्वस्त, आणि जो ऐन वेळी धावत येतो त्याला महाग. काळी-पिवळी जीप भरल्याशिवाय हलत नाही आणि एस.टी. भरो न भरो, वेळेला सुटते. स्वस्त विमानाला एस.टी.सारखे वेळेवर सुटायचे असते आणि जीपसारखे भरूनही जायचे असते. हे दोन्ही साधण्यासाठी भाड्याची ही खालवर आहे.

भारतात हा विचार आणला तो लष्करातून निवृत्त झालेल्या आणि शेती केलेल्या एका माणसाने. कॅप्टन गोपीनाथ हे कर्नाटकातल्या हासन जिल्ह्याचे. लष्कर सोडल्यावर त्यांनी शेती केली, रेशमाचे किडे पाळले. १९९४ साली सरकारी महामंडळांचा मक्ता देणारा जुना कायदा रद्द झाला होता आणि खासगी कंपन्यांना वाट मोकळी झाली होती. २००३ च्या २५ ऑगस्टला गोपीनाथांच्या एअर डेक्कनचे ४८ आसनी विमान बेंगळुरूहून हुबळीला गेले. पहिल्या फेरीलाच जवळचा पल्ला आणि तुलनेने लहान शहर, हे ध्यानात घ्या. मुंबई-दिल्लीच्या मोठ्या वाटेवर सगळेच होते. हुबळीला कोण होते? कंपनीने आपली खूण म्हणून आर. के. लक्ष्मण यांचा 'सामान्य माणूस' घेतला. तोच धोतर आणि चौकड्यांचा कोट घातलेला, तोंडातून शब्द न काढणारा म्हातारा. विमानात चहा, पाणी विकत. काही थोड्या जागा तर एका रुपयालाही विकल्या. २००५ साली स्पाइसजेट आणि गो एअर आल्या, २००६ साली इंडिगो आली.

परिणाम काय झाला? २००३ च्या सुमारास देशांतर्गत विमान-उतारूंची वर्षाची संख्या दीड कोटीच्या आसपास होती. २००७ साली ती चार कोटींच्या वर गेली. २०१९ साली १४ कोटींहून अधिक झाली. मग करोनाची साथ आली आणि विमाने जमिनीला खिळली. पण २०२४ साली हा आकडा १६ कोटींच्या पुढे गेला. इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे दोन सावधगिऱ्या बाळगाव्यात. एक अशी की, ही माणसांची संख्या नाही, फेऱ्यांची आहे. जो दहा वेळा जातो तो दहा वेळा मोजला जातो. दुसरी अशी की, ही सारी वाढ स्वस्त भाड्यानेच झाली असे नाही. लोकांचे उत्पन्न वाढले, नवे तळ झाले, संगणकाचा धंदा वाढला आणि मुले दूरच्या शहरांत नोकरीला गेली. पण स्वस्त भाडे नसते तर ती मुले दिवाळीला रेल्वेनेच आली असती, किंवा आली नसती.

हे नवे उतारू तीन प्रकारचे असतात. पहिला, जो आधी रेल्वेच्या किंवा बसच्या गाडीतून जात होता आणि आता विमानात बसतो. दुसरा, जो आधीही विमानाने जात होता, पण वर्षातून एकदा. आता तीनदा जातो. आणि तिसरा, जो आधी जातच नव्हता. पहिला हा नुसता एका गाडीतून दुसऱ्या गाडीत बसलेला. खरी भर दुसरा आणि तिसरा घालतो. आईचा डोळा दाखवायला हैदराबादला नेणारा मुलगा, नोकरीच्या मुलाखतीला एका दिवसात जाऊन येणारी मुलगी, बेंगळुरूला दिलेल्या बहिणीकडे राखीला जाणारा भाऊ, हे तिसऱ्यातले. त्यांच्यासाठी भाड्याइतकाच वेळही मोलाचा. दोन दिवसांची रजा मिळते. त्यातला दीड दिवस गाडीत गेला तर उरले काय?

जवळच्या पल्ल्यावर मात्र एक अडचण आहे. हवेतला तास खरा, पण दारापासून दारापर्यंतचे तास वेगळे. युसूफ वडगावच्या माणसाला नांदेडच्या विमानतळावर पोचायलाच तीन-चार तास लागतात. तिथे तासभर आधी हजर व्हायचे. पलीकडे उतरून शहरात जायला आणखी तास. पल्ला फार छोटा असेल तर तेवढ्यात बस पोचते. म्हणून विमान फायद्याचे ठरते ते मधल्या पल्ल्यावर. जिथे रस्त्याने रात्र जाते आणि हवेतून तास-दीड तास लागतो.

आता आपल्या मराठवाड्यात येऊ. २००८ साली गुरू ग्रंथसाहिबांच्या गुरुगादीला तीनशे वर्षे झाली. त्या निमित्ताने नांदेडचा विमानतळ नव्याने बांधला गेला. तिथून मुंबईला विमाने सुरू झाली, पण ती चालविणारी किंगफिशर ही कंपनी २०१२ साली बंद पडली आणि धावपट्टी सुनी झाली. याच किंगफिशरमध्ये २००८ साली एअर डेक्कन विलीन झाली होती. म्हणजे 'सामान्य माणूस' घेऊन निघालेली ती कंपनीही पाच वर्षांतच दुसऱ्याच्या नावात विरघळली. खर्चापेक्षा कमी भाडे घेऊन उतारू वाढविता येतात, पण ती उधारीवरची स्वस्ताई असते. उधारी फिटली नाही की सावकार दुकान घेतो.

मग २०१६ साली केंद्र सरकारने 'उडान' ही योजना आणली. ती अशी: तासाभराच्या किंवा सुमारे पाचशे किलोमीटरच्या हवाई प्रवासाला निम्म्या जागांचे भाडे २,५०० रुपयांच्या आत ठेवायचे, त्यात कंपनीला जी तूट येईल ती तीन वर्षे सरकारने भरून द्यायची, त्या मार्गावर तेवढा काळ दुसऱ्या कंपनीला येऊ द्यायचे नाही, आणि तुटीचा पैसा मोठ्या मार्गांवरच्या विमानांवर आकार बसवून उभा करायचा, शिवाय राज्याने आपला वाटा द्यायचा. २०१७ च्या २७ एप्रिलला या योजनेची पहिली विमाने उडाली. एक शिमल्याहून दिल्लीला, एक कडप्प्याहून हैदराबादला आणि एक आपल्या नांदेडहून हैदराबादला. पुढे ट्रूजेट या कंपनीने नांदेडहून मुंबईलाही विमान नेले, आणि डिसेंबरात एअर इंडियाने नांदेड-अमृतसर मार्ग सुरू केला. ट्रूजेटची विमाने सत्तरेक आसनी, पंख्याच्या इंजिनाची, कमी तेल खाणारी. बार्शी लाइट ध्यानात ठेवा म्हणालो होतो ना? ही तिचीच हवाई नात.

पण २०२२ च्या फेब्रुवारीत ट्रूजेट बंद पडली. २०१७ च्या डिसेंबरात जळगाव-मुंबई मार्गावर सुरू झालेले एकोणीस आसनी विमानही फार काळ चालले नव्हते. सरकारच्या महालेखापरीक्षकांनी २०२३ साली या योजनेचा जो अहवाल दिला, त्यातले आकडे मुळातून ऐकण्यासारखे आहेत. एकूण ७७४ मार्ग दिले गेले. त्यांतले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पुरी केली. आणि मुदतीनंतर, सरकारी आधार सुटल्यावर, २०२३ च्या मार्चपर्यंत फक्त ५४ मार्ग चालू राहिले.

हे आकडे ऐकून आमच्या गावातला एक शेतकरी मला म्हणाला, "मास्तर, आमच्या वस्तीवरची मुक्कामी एस.टी. बंद झाली, त्याला कुणी इचारीना. आन् इमानाला सरकारी पैसा?" प्रश्न रोखठोक आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही.

माझे उत्तर दोन भागांत आहे. पहिला भाग इतिहासाचा. सरकारी हातावाचून स्वस्त प्रवास आपल्याकडे क्वचितच सुरू झाला आहे. ज्या जी.आय.पी. रेल्वेने बोरीबंदर-ठाणे गाडी काढली, तिला १८४९ च्या करारात भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी होती; तूट आली तर ती आपल्याच वाडवडिलांच्या करातून भरली जायची. आजींचे अर्धे तिकीटही उरलेले अर्धे सरकार भरते म्हणून अर्धे आहे. तेव्हा 'सरकारी पैसा' एवढ्यावरून विमानाला नाव ठेवता येणार नाही.

दुसरा भाग हिशेबाचा. आधार कशासाठी दिला, हे पाहिले पाहिजे. लहान मूल चालायला शिकते तेव्हा आपण पांगुळगाडा देतो. पण वर्षाने तो काढल्यावर मूल पायावर उभे राहते की नाही, हेच खरे. जिथे आधाराने नवा उतारू जन्मला आणि तो स्वत:च्या खिशातून येऊ लागला, तिथला पैसा कारणी लागला. जिथे आधार सुटताच विमान गेले, तिथे एकतर उतारू जन्मलाच नव्हता, किंवा तो जन्मला होता पण कंपनीचे घर पोकळ होते. नांदेडला मला दुसरी गोष्ट अधिक खरी वाटते, कारण २०२४ साली स्टार एअर या कंपनीने तिथून पुन्हा लहान विमाने सुरू केली. कंपनी बदलली, पण बाहेरगावी जायचे असलेली माणसे तिथेच होती. यात्रेकरू होते, रुग्ण होते, विद्यार्थी होते.

आणि शेतकरी बंधूंच्या प्रश्नातला जो खरा काटा आहे, तो मी मान्य करतो. २,५०० रुपयांचे तिकीट ज्याला स्वस्त, तो आपल्या गावातला प्रत्येक माणूस नव्हे. ऊसतोडीच्या जोडप्याला ते आजही महागच आहे. विमानाला दिलेला आधार एस.टी.च्या तोंडचा घास काढून दिला गेला, तर तो अन्याय होईल. ज्या नियमाने विमान भरते, त्याच नियमाने वस्तीवरची गाडीही भरते. तेव्हा दोन्हीकडे तोच हिशेब मांडा, एवढे मागण्याचा आपल्याला हक्क आहे. वस्तीवरची गाडी 'उतारू नाहीत' म्हणून बंद करणाऱ्याला आपण १८४५ च्या संचालकांची गोष्ट सांगावी. उतारू नाहीत, की त्यांच्या वेळेची आणि ऐपतीची गाडी नाही?

शेजारच्या सोलापुरात काय झाले तेही सांगतो. तिथे विमानतळ होता, पण विमानाच्या वाटेत साखर कारखान्याची चिमणी येत होती. वर्षानुवर्षे तो वाद चालला. एका बाजूला शहराची विमानसेवा, दुसऱ्या बाजूला ऊस उत्पादकांचा कारखाना. २०२३ च्या जूनमध्ये चिमणी पाडली गेली आणि २०२५ च्या जूनमध्ये सोलापूरहून गोव्याला विमान उडाले. त्या विमानात बसणारा प्रत्येक उतारू कितीही स्वस्त तिकीट काढो, त्या तिकिटाची काही किंमत दुसऱ्या कुणीतरी आधी भरलेली आहे, हे त्याने विसरू नये. आमच्या बीडलाही रेल्वे पोचायला २०२५ चा सप्टेंबर उजाडावा लागला. कितीतरी पिढ्या आगगाडी न पाहता गेल्या. म्हणून नव्या गाडीचे, नव्या विमानाचे कौतुक आम्हाला जरा अधिक असते आणि ते गेले की चटकाही अधिक लागतो.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. हा धडा पुस्तकात शोधू नका. वर्गातल्या मुलांना सांगा की, आज घरी जाऊन आजीला, आजोबाला विचारा: तुमचा पहिला लांबचा प्रवास कोणता? कशासाठी? कोणत्या गाडीने? तिकीट किती होते आणि त्या दिवसाची मजुरी किती होती? तिकिटाला मजुरीने भागा. दुसऱ्या दिवशी सगळ्यांची उत्तरे फळ्यावर लिहा. एका पिढीला पंढरपूर किती दिवसांच्या मजुरीचे होते आणि आज किती दिवसांच्या मजुरीचे आहे, हे मुलांना आपल्या डोळ्यांनी दिसेल. गावाचा हा इतिहास कुठल्याही दफ्तरात लिहिलेला नाही. तो सांगणारी माणसे आहेत तोवर तो लिहून घेतला पाहिजे.

आणि श्रोतेहो, पुढे कधी कुणी तुम्हाला म्हणाले की, अमक्या गावाला गाडी कशाला, तमक्या जिल्ह्याला विमान कशाला, तिथे जाणारे कोण आहे. तर त्याला आमच्या थांब्यावरच्या आजींचे नाव सांगा. त्या कळंबला जाणाऱ्यांच्या कुठल्याही मोजदादीत नव्हत्या. तिकीट उतरले आणि त्या पिशवी घेऊन उभ्या राहिल्या.